लाजरी घोडी

आमच्या घोडीचं नाव झालं होतं ते तिच्या लाजण्यामुळे. आमच्या वरठीपासून पार लाखांदूरपर्यंत ज्या ज्या घरचा नवरदेव तिच्या पाठीवर बसून मारुतीच्या दर्शनाला गेला, त्या घरची माणसं तिच्याबद्दल हेच सांगायची. बँड कितीही जोरात वाजो, पायाशी फटाक्यांची लड फुटो, ती मान खाली घालून, एकेक पाय तोलून टाकत चालायची. नवरदेवाच्या आत्या-मावश्या तोंडाला पदर लावून हसायच्या. "नवरीपेक्षा हे घोडीच जास्त लाजून राहिली व माय!" एका म्हाताऱ्या बाईने तर एकदा नवरदेवाच्या आधी तिच्यावरूनच मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या होत्या.

ती नुकरी होती. म्हणजे अंगभर पांढरी, नाकपुड्यांभोवती गुलाबी कातडी आणि फिकट निळसर डोळे. डोळे फारसे कुणाला दिसायचे नाहीत. वरातीच्या साजात तिच्या कपाळावरून मोत्यांची झालर लोंबायची आणि बाबा ती जरा लांबच ठेवायचे. स्वतः तिच्या डाव्या खांद्याला चिकटून चालायचे, एक हात लगामावर आणि एक तिच्या मानेवर. दुसऱ्या कुणाच्या हातात त्यांनी तिचा लगाम कधी दिला नाही. लोकांना यात बाबांचा अभिमान दिसायचा. मलाही तोच दिसायचा.

घरात तिला नाव नव्हतं. बाबा तिला 'बाई' म्हणायचे आणि मला 'बेटा'. आईही तसंच म्हणायची. "बाईले पाणी दाखवलं का?" असा आवाज आतून आला की बाहेरचा माणूस गोंधळायचा.

मी भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत व्हॅनने जायचे. शाळेत मी फार बोलत नसे. घरी येईपर्यंत इंग्रजी संपलेली असायची आणि मराठी सुरू व्हायची असायची, अशा मधल्याच वेळात मी घोडीजवळ जाऊन बसायचे. तिच्याजवळ बोलावं लागत नाही हे मला आवडायचं. खरारा घेऊन मी तिची पाठ, पोट, मांड्या घासत राहायचे. बाबांना ते फारसं आवडत नसे. "तुले शिकवून राहिलो ते हे हाती घ्याले नाही," म्हणायचे. पण खरारा काढून घ्यायचे नाहीत.

बारावीनंतर सगळ्यांसारखी मीही परीक्षा दिली. मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्यातही घोड्यांची. गुण कमी पडले. थोडेसेच, पण ते थोडेसे पुढच्या वर्षीही कमी पडले. मग मी भंडाऱ्यालाच बी.एस्सी.ला नाव घातलं आणि दुपारी फोनवर शोधत बसू लागले, की डॉक्टर न होता माणूस घोड्यांसोबत कसा राहू शकतो. मी इंग्रजीत शोधायचे. जे सापडायचं ते हिरव्या टेकड्यांचं, पांढऱ्या कुंपणांचं, उंच बूट घातलेल्या बायकांचं असायचं. घोड्यांवर बसायला शिकवणाऱ्या, शर्यतीचे घोडे फिरवणाऱ्या, घोड्यांची बाळंतपणं करणाऱ्या, घोड्यांच्या पाठीला मालीश करणाऱ्या. घोड्याचे दात घासून देणारा माणूसही होता. वरातीची घोडी त्यात कुठेच नव्हती. तेव्हा मला ते बरंच वाटलं असावं.

मी बरीच दारं ठोठावली. जॉकी होण्याइतकी मी हलकी नव्हते, बुटकीही नव्हते. पुण्याकडच्या एका पैदास केंद्राने फोनवर मुलाखत घेतली. सगळं छान चाललं होतं, आणि मग पलीकडच्या माणसाने विचारलं, घोडी बहुधा रात्री विते, तेव्हा तुमच्या घरचे काय म्हणतील? मी म्हटलं, काही म्हणणार नाहीत. तो म्हणाला, आमच्याकडचे लोक म्हणतात. नाल ठोकायचं शिकावं म्हणून आमच्याकडे येणाऱ्या नालबंदाजवळ मी दोन-तीनदा बसले. त्याने मला घोडीचा मागचा पाय मांडीवर घ्यायला लावला. जमलंही. पण मी गेल्यावर त्याने बाबांना विचारलं, "पोरीचं लगन नाही कराचं का?" बाबा मला हे हसत हसत सांगत होते, पण त्यानंतर नालबंद यायचा तेव्हा ते मला काही ना काही आणायला दुकानात पाठवायचे.

शेवटी नागपूरच्या बाहेर, वीटभट्ट्यांच्या पलीकडे असलेल्या एका घोडेस्वारीच्या शाळेत मला मदतनीस म्हणून घेतलं. बाबांना मी घोड्यांचं 'स्पोर्ट्स' असं सांगितलं. ते आईला म्हणाले, "शिकून सवरून पुन्हा घोड्याच्याच मागं." तरी स्टेशनवर सोडायला आले, आणि गाडी सुटताना खिडकीतून आत हात घालून माझ्या डोक्यावर ठेवला, मानेवर ठेवतात तसा.

शाळा एका मॅडमची होती. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, फौजी घरातल्या. हिंदी-मराठी एकत्र बोलायच्या आणि घोड्यांशी फक्त इंग्रजीत. शर्यतीतून निवृत्त झालेले आठ-दहा घोडे होते तिथे, उंच, चिडके, सावली हलली तरी कान टवकारणारे. पहाटे उठून तबेला झाडायचा, दाणा द्यायचा, खोगीर चढवायचं, मग शहरातली मुलं मोठ्या गाड्यांतून उतरायची त्यांचे पाय रिकिबीत घालून द्यायचे. मी कमी बोलते याचं तिथे कुणाला काही वाटत नसे. घोड्यांना तर नाहीच. वर्षभरात मी बऱ्यापैकी स्वार झाले. दुडक्या चालीत पाठीवर आपटत नाही इतपत तरी नक्की.

एक दिवस मॅडमनी मला चहाला बोलावलं. त्यांना बऱ्याच दिवसांपासून लहान मुलांचा एक वेगळा वर्ग सुरू करायचा होता. ज्या मुलांना नीट चालता येत नाही, काही जी बोलत नाहीत, अशांचा. घोड्याच्या पाठीवर बसून संथ फिरलं की त्या मुलांच्या अंगाला आधार मिळतो, ती सैलावतात. पण त्यासाठी अगदी शांत जनावर हवं होतं. "इन में से किसी पर मैं बच्चा नहीं बिठा सकती," तबेल्याकडे हात करून त्या म्हणाल्या. "घोडी मिळाली तर वर्ग सुरू. आणि तो वर्ग तुझा. मदतनीस नाही, टीचर."

मी चहा पूर्ण न पिताच म्हणाले, "माझ्याकडे आहे."

मला आठवतं, एवढं मोठ्याने मी त्या आवारात पहिल्यांदाच बोलले असेन.

त्या सुमाराला घरची गोष्ट अशी होती, की वराती बदलल्या होत्या. बँड जाऊन डीजेची गाडी आली होती. तिच्यापुढे घोडी उभी राहत नसे, अंग थरथरायचं. नवरदेवही आता सजवलेल्या जीपमधून जाऊ लागले होते. बाबांनी मागच्या हंगामात चार-दोनच लग्नं केली. त्यांनी लोखंडाच्या कारखान्यासमोरच्या एका दुकानात काम धरलं होतं, आणि घोडी दिवसभर दारात उभी असायची. दर काही महिन्यांनी एक व्यापारी यायचा. म्हाताऱ्या घोड्या तो घेऊन जायचा. कुठे नेतो हे तो नीट सांगत नसे आणि आमच्याकडे कुणी नीट विचारतही नसे. बाबा त्याला दारातूनच परत पाठवायचे. पण मागच्या खेपेला त्याला पाणी दिलं होतं, बसवलं होतं. आईने मला हे फोनवर दोनदा सांगितलं.

म्हणून मी त्या शनिवारी घरी गेले ती धावतच. स्टेशनपासून घरापर्यंत मनात वाक्यं जुळवत गेले.

"बाबा, बाईला मी नागपूरला नेते. शाळेत. तिला तिथे काम आहे आणि मला पण."

बाबा दोर वळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुलं कशी असतात, वर्ग कसा असतो, घोडीला काय करावं लागतं.

"गोल गोल फिराचं?"

"हो. तेवढंच."

"आन दोर कोनाच्या हातात राहीन?"

"माझ्याच."

त्यांनी हातातला दोर खाली ठेवला. मग उठून घोडीजवळ गेले, तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, त्यांना ती सोडवत नाही. आई आतून म्हणाली, "जाऊ द्या ना जी. पोरीजवळच त जाऊन राहिली, कसायाजवळ थोडीच."

"मी कायले नाही म्हनू," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला विचित्र वाटला, पण आनंदात माणूस अशा आवाजांकडे लक्ष देत नाही.

पिकअपमध्ये तिला बाबांनीच चढवलं. मातीच्या उंचवट्याला गाडी लावली, आणि ते तिच्याशी बारीक आवाजात बोलत बोलत मागे मागे आत शिरले, तशी ती त्यांच्यामागे चढली. नागपूरला उतरवलंही त्यांनीच. तबेल्यातली जागा त्यांनी तिला हळूहळू दाखवली. भिंतीला तिचं नाक लावलं, मग गव्हाणीला, मग पाण्याच्या टाकीला. "नवी जागा हाये, असंच कराचं अस्ते," मला म्हणाले. जाताना सांगून गेले, की सामान इकडचं तिकडे करू नको, तिला सवय होऊ दे. मी मान हलवली. आमचे बाबा जरा जास्तच जपतात असं मॅडमकडे बघून हसलेसुद्धा.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. शाळेतले सगळे तिच्या प्रेमात पडले. मी तिच्या तोंडावरची मोरकी धरून पुढे चालायचे आणि ती माझ्या खांद्याला नाक लावून मागून यायची, कुठेही. शर्यतीचे ते उंच घोडे कुंपणावरून तिच्याकडे बघत राहायचे. मॅडम म्हणायच्या, "व्हॉट अ लेडी!" मी रोज संध्याकाळी घरी फोन करून सगळं सांगायचे. बाबा प्रश्न विचारायचे. खाते का? पाणी पिते का? कुठे आपटली तर नाही? शेवटच्या प्रश्नाचं मला हसू यायचं.

वर्ग सुरू करण्याआधी मॅडमना तिची परीक्षा घ्यायची होती. मुलांसाठीच्या घोड्याने, धरणारा जवळ नसतानाही, नुसत्या आवाजावर शांतपणे वर्तुळात चालत राहिलं पाहिजे. त्या दिवशी मैदानात जमिनीवर काही लाकडी दांडे आडवे टाकले होते. घोडे पाय उचलून ते ओलांडतात, त्याने मुलांच्या अंगाला हेलकावा मिळतो. मी घोडीला मैदानाच्या मध्ये नेलं.

"आता लांब दोर लाव. आणि तू मध्ये उभी राहा. तिला जाऊ दे."

मी दोर सोडत मागे सरकले. घोडी जागच्या जागी उभी राहिली. कान माझ्याकडे, मान खाली.

"लाजते ती," मी म्हणाले.

"लाजू दे. चालव."

मी जिभेने टकटक केलं. ती हलेना. मी पुन्हा केलं, दोर जरासा हलवला. मग तिने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि पहिल्या दांड्यावर तिचा पाय असा आदळला, की जणू तिथे दांडा नव्हताच. ती गुडघ्यावर आली, धडपडून उठली आणि घाबरून सरळ धावत सुटली. वर्तुळात नाही, सरळ. कुंपण समोर होतं. उन्हात पांढरं चमकत होतं. ती त्यावर छातीने जाऊन आदळली आणि मग तिथेच थांबली, थरथरत, नाक कुंपणाला लावून चाचपत.

मॅडम चालत तिच्याजवळ गेल्या. त्यांनी तिच्या डोळ्यासमोर हात नेला, अगदी पापणीपर्यंत. पापणी हलली नाही. दुसऱ्या बाजूने जाऊन तिथेही तेच केलं.

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, आतली सूज असणार, येत जात राहिली असेल, दरवेळी थोडी थोडी नजर घेऊन गेली असेल. अशा फिकट डोळ्यांत वरून चटकन कळत नाही. "पण घरच्यांना कळलं असणार," ते सहज म्हणाले. "बरीच वर्षं झाली असतील. जो तिला रोज धरतो, त्याला न कळून कसं चालेल?"

मी तीन आठवडे तिला रोज धरत होते. त्याआधी कित्येक वर्षं तिच्या अंगावरून खरारा फिरवला होता. मी तिच्या छातीवरच्या खरचटलेल्या जागेला औषध लावत राहिले. लाजते, लाजते म्हणून सगळ्या जिल्ह्याने जिचं कौतुक केलं होतं, ती प्रत्येक पाऊल टाकण्याआधी पुढे जमीन आहे की नाही ते बघत होती. पायानेच बघत होती.

संध्याकाळी मी बाबांना फोन केला. नेहमीचे प्रश्न त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणाले, "बाबा, ती आपटली."

"लागलं का जास्त?"

त्यांनी 'कशी आपटली' असं विचारलं नाही, यावरून मला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते आले. धुतलेला शर्ट घातला होता आणि स्टेशनपासून ऑटो न करता चालत आले होते, पायजम्याला गुडघ्यापर्यंत धूळ. तबेल्याच्या दारातच त्यांनी जिभेने एक आवाज केला. घोडीने आतून मान वर केली आणि खिंकाळली. शाळेत आल्यापासून ती एकदाही खिंकाळली नव्हती. माझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही.

मी त्यांना विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

ते तिच्या छातीवरचं खरचटलेलं बघत होते. "सांगतलं असतं त तू नेली नसती. आन नेली नसती त..." ते थांबले. व्यापाऱ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. "तू म्हनली गोल गोल फिराचं हाये. दोर तुह्याच हातात राहीन म्हनली. मले वाटलं, तिले डोयाचं काय काम? इतके साल तिनं डोये नसतानी नवरदेव नेले ना. एक नाही पडला."

"तुम्ही जवळ होते बाबा. आवाज होता तुमचा."

"तू होती ना इथं," ते म्हणाले.

ते चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते फक्त सांगत होते.

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. बाबा खुर्चीच्या काठावर बसले. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या, "काका, बहुत प्यारी घोडी है. पर मैं बच्चा नहीं बिठा सकती उस पर. आप भी नहीं बिठाओगे."

"नाही जी," बाबा लगेच म्हणाले. "पोरायचं काम हाये. नाहीच बसवाचं."

म्हणजे त्यांनाही ते पटत होतं. नवरदेवांसाठी चाललं होतं ते मुलांसाठी चालणार नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. कदाचित नवरदेवांच्या बाजूला ते स्वतः होते म्हणून.

मी माझी पिशवी भरून ठेवली होती. पिकअप आली, बाबांनी घोडीला चढवलं, पुन्हा तसंच बोलत बोलत. मी पिशवी घेऊन पुढच्या सीटकडे गेले तेव्हा त्यांनी दार धरून ठेवलं.

"तू कुठी चालली?"

"घरी. तुमच्यासोबत."

"कायले?"

"घोडीच नाही तर वर्ग कसला आणि मी कसली. मॅडमनी तिच्यामुळेच मला—"

"त्याईनं दुसरी घोडी पाहतो म्हनलं ना. तुह्यासमोरच म्हनलं." त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. "बेटा, दोघी वापस आल्या त मी गावात काय सांगू? दोघीतून एक त राहू दे."

ते चढून बसले. मागच्या हौद्यात नव्हे, पुढे ड्रायव्हरजवळ. गाडी सुरू झाल्यावर मात्र थोडं पुढे जाऊन ती थांबली. बाबा उतरले आणि मागे घोडीजवळ जाऊन उभे राहिले. तसेच, उभ्याने, एक हात तिच्या मानेवर ठेवून ते वरठीपर्यंत गेले असावेत. मी वळणापर्यंतच पाहू शकले.

मॅडमनी दोन महिन्यांत एक तपकिरी घोडा आणला. बुटका, आळशी, मुलांनी कान ओढले तरी झोपाळलेला. वर्ग सुरू झाला. एक मुलगी येते, सात-आठ वर्षांची, बोलत नाही. पहिले काही दिवस तिला घोड्याजवळ यायलाच नको असायचं. मीही तिला बोलावलं नाही. आम्ही दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहायचो. मग एक दिवस ती स्वतःच आली. मॅडम म्हणतात, हे काम तुझ्यासाठीच होतं. असेल. मला ते काम येतं, एवढं मी सांगू शकते.

शिकवण्याच्या प्रमाणपत्राची परीक्षा धान कापणीच्या दिवसांत होती. परीक्षेच्या आठवड्यात घरून फोन आले ते नेहमीसारखेच. बाबांनी विचारलं, अभ्यास झाला का. मी विचारलं, बाई कशी आहे. ते म्हणाले, "बरी हाये." निकाल परीक्षेच्याच दिवशी कळला. मी पास झाले म्हणून सांगायला फोन केला तेव्हा आईने उचलला. ती आधी खूप आनंदली आणि मग रडायला लागली.

घोडीच्या पोटात गोळा उठला होता. परीक्षेच्या दोन दिवस आधी. असं झालं की घोड्याला बसू द्यायचं नसतं, चालवत ठेवायचं असतं. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. आई-बाबांनी तिला पाळीपाळीने दारासमोरच्या रस्त्यावर दिवसभर चालवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आईने आयुष्यात पहिल्यांदा तिचा दोर धरला असेल. संध्याकाळी ती बसली ती पुन्हा उठली नाही. आमच्याकडे जमीन नाही, म्हणून बाबांनी तिला गाडीत घालून मामाकडे एकोडीला नेलं. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, कडेच्या धुऱ्याजवळ, तिला पुरलं.

बाबांनी फोन घेतला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "तुही परीक्षा होती ना बेटा."

मी त्यांच्यावर रागवायला हवं होतं. मी विचारलं, "तुम्ही जेवले का?" ते म्हणाले, "जेवलो."

सुट्टी मिळाली तेव्हा मी एकोडीला गेले. मामाने धुऱ्याजवळची जागा दाखवली. मातीचा उंचवटा होता, त्यावर लाखोळीची रोपं उगवायला लागली होती. मामा म्हणाला, पुढच्या वर्षी जागा बसून जाईल, मग कळणारही नाही. समजूत घालायला म्हणाला असावा.

ही गोष्ट मी लिहिणार नव्हते. गेल्या महिन्यात घरी गेले होते तेव्हा जे झालं, त्यामुळे लिहायला बसले.

दुपारची वेळ होती. आम्ही तिघं जेवून उठत होतो आणि बाबांचा फोन वाजला. लाखांदूरचा माणूस होता. त्याचा मोठा मुलगा आमच्या घोडीवरून मारुतीला गेला होता, आता धाकट्याचं लग्न होतं. त्याच्या बायकोचा हट्ट होता की डीजे-बीजे काही नको, तीच घोडी पाहिजे. त्याचा आवाज एवढा मोठा, की फोन कानाला असूनही आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"ते लाजरी घोडी हो! आमच्या घरची अजून आठोन काढते."

मी बाबांकडे पाहिलं. आई भांडी उचलता उचलता थांबली.

"नाही भाऊ," बाबा म्हणाले. "घोडी आता इथं नाही राहत. नागपूरले असते. नोकरीवर."

"नोकरीवर? घोडीले नोकरी लागली?"

"हो त. मोठी शाळा हाये तिथं. बारीक बारीक पोरं येतात, त्यायले फिरवते."

"वा रे वा! आमचा पोरगा एम.ए. होऊन बसला हाये, त्याले नाही लागली अन् घोडीले लागली!" तो माणूस खो खो हसला. बाबाही हसले. "मंग दोन दिवसाची सुट्टी त भेटत असन? लगनासाठी?"

"नाही जी. एक इतवार भेटते. थो बी झोपून काढते."

"जमलं का तिले तिथं? शहरात?"

"जमलं. पयले पयले कोनासंग बोले नाही. आता एक पोरगी हाये, मुकीच हाये ते, तिच्यासंग लय जमते तिचं. पाचले उठते सकाळी. चहा नाही भेटला टायमावर त डोकं दुखते."

लाखांदूरचा माणूस घोडीच्या चहावर पुन्हा हसला, त्याला तो विनोद वाटला. बाबा बोलत होते ते सगळं मी त्यांना संध्याकाळच्या फोनवर सांगितलेलं होतं. रविवारचं, त्या मुलीचं, पाच वाजताचं, चहाचं. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. फोन दुसऱ्या कानाला लावून ते अंगणाकडे तोंड करून बसले, आणि पलीकडचा माणूस विचारत गेला तसं सांगत राहिले, की जागा चांगली आहे, मॅडम जपतात, खाण्यापिण्याची आबाळ नाही, आणि आता ती पहिल्याइतकी लाजत नाही.